चौथ्या डब्याचं विरजण

खाडीतला चिखल आणायला कोण जाणार, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांच्या माना आपोआप ऐश्वर्याकडे वळल्या. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. मुलगी कोपरच्या खाडीकाठची, घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. चिखलात पाय कुठे टाकायचा आणि कुठे नाही, हे तिला नाही तर काय वर्तकनगरहून बूट चमकवत येणाऱ्या सर्वेश सरांना कळणार?

"सहा ठिकाणचा चिखल, सहा बरण्या," सर म्हणाले. "दुपारपर्यंत येशील ना?"

"ओहोटी लागली की येते, सर."

डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अगदी कडेला शहराचं सांडपाणी साफ करणारं ते केंद्र. तिथे एका पत्र्याच्या शेडमध्ये सरांचा प्रयोग मांडला होता आणि ऐश्वर्या त्यांची प्रयोगशाळा सहायक होती. सहा पारदर्शक डबे, प्रत्येकात काळ्या कार्बनच्या कांड्या आणि वर एक छोटा बल्ब. सांडपाण्यातली घाण खाऊन जगणारे काही जिवाणू असे असतात, की हवा नसली तर खाण्यातून निघालेली वीज ते शेजारच्या कांडीला देऊन टाकतात. एकटा जिवाणू देऊन देऊन काय देणार? पण कोट्यवधींनी कांडीवर वस्ती केली की तारेतून खरोखर वीज वाहते. थोडी साठली की बल्ब क्षणभर लुकलुकतो, विझतो, पुन्हा साठवायला लागतो.

"दह्यासारखंच आहे बघ," सरांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "गटाराचं पाणी म्हणजे दूध. आपल्याला फक्त विरजण पाहिजे. आणि या विरजणाला खाडीच्या चिखलासारखं दुसरं काही नाही."

मार्गशीर्षातल्या त्या दुपारी ती चिखलात उतरली. तीन बरण्या पटापट भरल्या. चौथ्या जागेचा चिखल मात्र तेलकट निघाला. वरच्या नाल्याचं पाणी तिथे येऊन साचतं. त्या चिखलात खेकड्याचं एक बीळसुद्धा नव्हतं. पुढची जागा तशीच, त्याच्या पुढची प्लास्टिकने गच्च. तेवढ्यात पाणी फिरलं. भरती लागली की खाडी कोणासाठी थांबत नाही, तेव्हा तिने घाईघाईने इकडे तिकडे पाहिलं. डाव्या हाताला, पन्नासेक पावलांवर, चिखलात एक बांबू रोवलेला होता. बांबूला लाल फडकं.

ती तिच्या बापाची जागा होती.

दगडूची होडी चार वर्षांपूर्वी तिथेच सापडली होती, रिकामी, चिखलात रुतलेली. दगडू सापडला नाही. आधीची दोन मुलं गेली म्हणून तिसऱ्यावर कोणाची नजर पडू नये यासाठी त्याची आई हौसाबाई हिने त्याचं नाव दगडू ठेवलं होतं, आणि खाडीने तोही ठेवून घेतला. प्रेत नाही तर गवताचा पुतळा करून जाळा, असं गावातल्या जाणत्यांनी सांगितलं. म्हातारीने ऐकलं नाही. त्याऐवजी तिने हा बांबू रोवला आणि दर अवसेला ओहोटीच्या वेळी फळीवरून सरपटत जाऊन ती तिथे जेवण ठेवू लागली. भात, सुकटीचं कालवण आणि एक विडी. ताट नाही, थेट चिखलावर. बांबूच्या वीस पावलांच्या आत गावातलं कोणी चिंबोरीसुद्धा पकडत नसे.

ऐश्वर्याला हे सगळं ठाऊक होतं. पण तिथला चिखल काळाभोर होता, लोण्यासारखा मऊ होता, बिळाबिळांतून निवटे मासे उड्या मारत होते. अख्ख्या खाडीत जिवंत म्हणावी अशी तेवढीच जागा उरली होती. चार वर्षं नेमाने जेवण मिळालेली जागा जिवंत असणार नाही तर काय! तिने वाकून चौथी बरणी भरली आणि मागे वळून पाहिलं नाही. उरलेल्या दोन बरण्या परतताना काठालगतच्या चिखलाने भरल्या. आजीला सांगितलं नाही, सरांनाही नाही.

इतर डब्यांचं विरजण लागायला तीन आठवडे लागले. चौथा डबा चौथ्या दिवशी जागा झाला.

सर तर हरखूनच गेले. शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला हाताला धरून चौथ्या डब्यापुढे उभं करायचे. बाकीचे बल्ब अधूनमधून लुकलुकायचे, याचा सारखा लुकलुकत असायचा. खाणंही तसंच. दोन दिवसांचं सांडपाणी घातलं तर सकाळपर्यंत साफ.

"बकासुर आहे हा तुझा चौथा डबा," सर हसून म्हणाले. "काय घातलंस ग याच्यात?"

"चिखलच आहे, सर."

तिला हसू आलं नाही. चौथ्या डब्याला गटाराचा वास येत नव्हता. झाकणाशी नाक नेलं की ओल्या ताडपत्रीचा वास यायचा आणि त्याच्या मागे, अगदी पुसट, विडीचा. हा वास तिने लहानपणापासून रोज संध्याकाळी दारात ओळखला होता. ती डब्याच्या बाजूला कमीत कमी जाऊ लागली. नोंदी घ्यायला जावंच लागे, तेव्हा ती तोंडाने श्वास घ्यायची.

मग सरांना आलेख दाखवायला हवा म्हणून तिने महिन्याभराचे आकडे कागदावर उतरवले, आणि तिचा हात थांबला. पाच डब्यांच्या रेषा सरळ होत्या. चौथ्याची रेषा दिवसातून दोनदा चढत होती आणि दोनदा उतरत होती. रोज पाऊण-एक तास उशिरा.

"टेंपरेचरचा इफेक्ट असेल," सर म्हणाले.

"टेंपरेचर रोज पाऊण तास पुढे कसं सरकेल, सर? ही भरती आहे."

"बंद डबा आहे, ऐश्वर्या. शेडमध्ये आहे. त्याला भरती कशी कळणार?"

तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. तिथीवरून भरतीची वेळ सांगणं कोळ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. तिने एकेका तिथीपुढे वेळ लिहिली आणि कागद सरांच्या पुढे सरकवला. एकही वेळ चुकली नव्हती. पुनवेच्या उधाणाला रेषा कागदाबाहेर गेली होती. सरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"हे रिपोर्टमध्ये नको," ते हळूच म्हणाले.

त्यानंतर दोन दिवसांनी, दिवेलागणीच्या सुमाराला, ती शेडमध्ये एकटी होती. बाहेर भरती चढत होती; जाळीच्या खिडकीतून पाण्याचा तो चुबुक चुबुक आवाज येत होता. तिने शेवटची नोंद केली, बॅग उचलली, आणि चौथ्या डब्याचा बल्ब लागला.

लुकलुकला नाही. लागला आणि तसाच राहिला.

एक... दोन... ती मनात मोजत गेली. वीस मोजून झाले तरी बल्ब चालूच. ती तिथेच, ओल्या फरशीवर बसली.

दगडूजवळ दोन सेलची एक पत्र्याची बॅटरी असायची. खाडीतून तो घराकडे खूण करायचा. दोनदा चटचट लागली, तर मासळी भरपूर मिळाली, पाटी घेऊन या. एकच, लांब, न विझणारी, तर होडी रुतली, फळी घेऊन या. घरात तिघंच माणसं, तो, त्याची म्हातारी आई आणि आई नसलेली ही मुलगी. खूण दिसली की कोणीतरी उठायचं.

चार वर्षांपूर्वी, पौषातल्या अशाच एका संध्याकाळी, ती खिडकीत बसून कॉलेजचं जर्नल लिहीत होती. सकाळी बापाशी भांडण झालेलं. "माझ्या नखांतला चिखल जात नाही, पोरी हसतात मला. मी नाही येणार आता फळी घेऊन," असं ती तावातावाने बोलली होती, आणि दगडू नुसतं "बरं" म्हणून गेला होता. खाडीत बत्ती लागली ती तिला दिसली. लांब होती. आजी अंगणात आहे, आजी जाईल, असं म्हणून तिने मान खाली घातली आणि आकृतीला रेघा मारत बसली. बत्ती बराच वेळ होती. मग विझली. विझली म्हणजे होडी सुटली असणार, असं तिला वाटलं होतं.

हे तिने आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं.

आता रोज भरतीला बल्ब लागू लागला. लांब. न विझणारा. दुपारी लागला तर सर कौतुकाने बघायचे, आणि ऐश्वर्या भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.

अवस तीन दिवसांवर आली असताना सर म्हणाले, "प्रयोग संपला. सोमवारी सगळे डबे ब्लीचिंग पावडरने मारून धुवायचे."

"चौथ्यातला चिखल मी परत खाडीत सोडू, सर?"

"वेडी आहेस का? गटाराचं पाणी पाजून वाढवलेत ते जिवाणू. असं बाहेर नाही सोडता येत. मारायचेच असतात."

मारायचेच. त्या डब्यात बाप आहे, असं ती स्वतःलाही उघड म्हणत नव्हती. पण जे काही दोन महिने हाक मारत होतं, त्याच्यावर सोमवारी पावडर पडणार होती, आणि तोवर तिने काही केलं नाही तर ती दुसऱ्यांदा खिडकीत बसून राहणार होती. एवढं तिला स्वच्छ कळत होतं.

रविवारी सुट्टी. चावी तिच्याकडे होती. उन्हं कलल्यावर तिने चौथा डबा बादलीत रिकामा केला, वर कापड बांधलं आणि ओहोटीच्या पाण्यामागोमाग चिखलात उतरली. फळी घेतली नाही. फळी आजीच्या दारामागे असते. घ्यायला गेली असती तर कशाला हवी ते सांगावं लागलं असतं.

बांबूपाशी पोचेपर्यंत खाडीवर धुकट अंधार उतरला होता. तिने बादली उपडी केली. काळा चिखल चिखलात मिसळला, कुठला कोणता ते लगेच कळेनासं झालं.

"बाबा," ती म्हणाली, "मला दिसली होती."

तिने परत फिरायला पाऊल उचललं, आणि ते उचललं गेलं नाही. गुडघ्यापर्यंत रुतला होता पाय. दुसऱ्यावर जोर दिला, तर तो मांडीपर्यंत गेला. खिशातून मोबाइल काढताना ओल्या हातातून सुटला, चिखलावर पडला आणि तिच्या डोळ्यांदेखत सावकाश आत गेला. हाका मारल्या, पण वारा खाडीकडून नव्हता. आवाज पाण्याकडेच जात होता.

मग तिला तो आवाज आला. चुबुक... चुबुक... भरती लागली होती.

पाणी कमरेशी आलं तेव्हा तिची पावलं कशावर तरी टेकली. टणक नव्हतं, मऊही नव्हतं. कापड होतं वरती, आणि कापडाखाली गोलाई. ते हललं नाही. पण त्यानंतर ती खाली गेली नाही. तेवढ्यावर उभी राहून, दातावर दात वाजत, ती रडत राहिली.

"ऐशू! हालू नको! आरवी परं... आरवी!"

आडवी पड, असं ओरडत हौसाबाई पोटावर झोपून, फळी पुढे ढकलत, पाण्या-चिखलातून येत होती. सत्तरीची म्हातारी, पण हाताची पकड पोलादी. तिने नातीला काखेत धरून फळीवर ओढलं आणि दोघी किती वेळाने काठाला लागल्या ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

काठावर म्हातारीने आपलं लुगडं पिळलं, पदराने पोरीचं तोंड पुसलं.

"तुला कसं कळलं आजी?"

"बत्ती दिसली नं. लांब व्हती. म्हनून फली घेऊन धावले."

"माझ्याकडे बत्ती नव्हती." ऐश्वर्या म्हणाली. "मोबाइल तर आधीच..."

हौसाबाईने खाडीकडे पाहिलं. तिथे नुसता अंधार होता.

"त्या रोजीबी दिसली व्हती," ती म्हणाली. "मी आंगनात मासली निवडत व्हते. तू खिरकीत. म्हनलं, आपुन नाय जायाचं. पोरगी जाईल, बापलेकीचं भांडन मिटंल. म्हनून बसून रायले."

चार वर्षं एका ताटात जेवून एकीने दुसरीला हे सांगितलं नव्हतं. ऐश्वर्याने म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तिला पोटभर रडू आलं, आणि रडून झाल्यावर, खरं सांगायचं तर, बरंही वाटलं. चिखल जागेवर गेला, हाकेला ओ दिली गेली. आता संपलं असणार.

सोमवारी सरांना तिने सांगून टाकलं, की चौथ्यातला चिखल मी टाकून दिला. ते भडकले. पाच डब्यांत पावडर पडली. चौथा आधीच रिकामा होता. तोही घासून, धुऊन, पालथा घालून वाळवला. संध्याकाळी सगळं आवरून ते दोघं दिवा मालवणार, तेवढ्यात त्या कोरड्या, पालथ्या डब्याच्या तारेवरचा बल्ब लागला.

चट. चट. दोनदा. आणि विझला.

"लूज काँटॅक्ट," सर पुटपुटले. पण त्यांनीच आधी दाराकडे पाय काढला.

ऐश्वर्या घराकडे धावत सुटली. दोनदा म्हणजे मासळी भरपूर. पाटी घेऊन या.

दार उघडं होतं. भिंतीवरच्या खुंटीला पाटी नव्हती. पण हौसाबाई चुलीपाशी बसलेली होती, केसांना चिखल लागलेला, चेहऱ्यावर चार वर्षांत न दिसलेलं हसू.

"आयलीस? मंगाशी बत्ती लागली, दोनदा. गेले पाटी घेऊन." तिने बोट केलं. "बग काय दिलंय बापसानं!"

पाटीत हातभर लांबीचे जिताडे होते, एकावर एक, अजून तडफडत. या खाडीत जिताडा शेवटचा कधी मिळाला ते गावात कोणाला आठवत नव्हतं. एकाचं कालवण चुलीवर उकळत होतं. जमिनीवर ताटं मांडलेली होती, आणि ती तीन होती.

"आजी... तिसरं कोणाला?"

म्हातारीने कालवणात पळी फिरवली. ऐश्वर्याने पाटीतले मासे बाजूला सारले. तळाशी चिखलाने माखलेलं काहीतरी लांबट होतं. तिने ते ओढणीने पुसलं. पत्र्याची बॅटरी. बटण गंजून जाम झालेलं. तिने मागचं झाकण फिरवून उघडलं.

आत सेल नव्हते. सेलच्या जागी काळा, मऊ चिखल गच्च भरलेला होता. ओल्या ताडपत्रीचा वास आला आणि त्यामागे विडीचा.

तिने घाईने झाकण लावलं आणि बॅटरी जमिनीवर ठेवली. ठेवताक्षणी ती लागली. उजेड तिसऱ्या ताटावर पडला आणि तिथेच राहिला. दोघी बघत होत्या. विझेल, आता विझेल. विझली नाही. लांब होती.

या खेपेला कोणीच कोणाची वाट पाहिली नाही. हौसाबाई उठली, दारामागची फळी तिने एका टोकाला धरली. ऐश्वर्याने दुसरं टोक उचललं.

आज अवस. तिथीने पाहिलं तर या वेळेला सुकती. पाणी लांब, बांबूच्याही पलीकडे असायला हवं होतं. त्या उंबऱ्यात आल्या तेव्हा ते दाराच्या पायरीला लागून चुबुक चुबुक करत होतं.

दोघींनी फळी पाण्यावर टाकली.